बग, झिला!

आमच्या सोसायटीची तक्रारवही वॉचमनच्या केबिनमध्ये खिळ्याला सुतळीने बांधलेली असे. तिच्या सोबतीला बांधलेलं पेन मात्र दर पंधरवड्याला नाहीसं होई. मग लोक तक्रारी तोंडी करत. तोंडी म्हणजे जिन्यात सेक्रेटरी दिसले की वाट अडवून "ते लिफ्टचं जरा बघा हो" म्हणायचं. सेक्रेटरी "बघतो" म्हणत, आणि माणूस शब्दाचा पक्का असल्यामुळे जाता जाता लिफ्टकडे एकदा बघतही.

असं सगळं सुरळीत चाललेलं असताना २००७ च्या जुलैमधल्या वार्षिक सभेत मला बोलायची बुद्धी झाली.

निमित्त माझ्या बेडरूमच्या छताचं. आम्ही सी-१४, चौथा मजला, डोक्यावर थेट गच्ची. आदल्या वर्षीच्या पहिल्या मोठ्या पावसात छतावर ओलीचा जो डाग उमटला तो आधी श्रीलंकेएवढा होता, आठवड्यात त्याचा ऑस्ट्रेलिया झाला. वहीत मी तीनदा लिहिलं होतं, तिसऱ्यांदा तर घरून पेन नेऊन. तत्त्वाचा प्रश्न म्हणून आणखी एक पाऊलही उचललं होतं, पण त्याबद्दल पुढे.

मी तेव्हा एका सॉफ्टवेअर कंपनीत मॅनेजर होतो. म्हणजे एके काळी मला सॉफ्टवेअर येत असे. "आमच्या ऑफिसात हजारो तक्रारी येतात," मी सभेला सांगितलं, "पण एक हरवत नाही. प्रत्येक तक्रारीला नंबर, प्रत्येक तक्रारीला मालक. तेच सॉफ्टवेअर मी सोसायटीला बसवून देतो. अर्ध्या दिवसाचं काम. आणि ते फुकट आहे."

'फुकट' शब्दाला खजिनदारांना जाग आली. ठराव एकमताने मंजूर झाला. आमच्या सोसायटीच्या इतिहासातला हा एकमताचा दुसरा ठराव. पहिला शोकप्रस्ताव होता.

"नाव काय म्हणालात?" अध्यक्षांनी इतिवृत्तात लिहिण्यासाठी विचारलं.

"बगझिला."

"कुठला जिल्हा?"

मी पुन्हा सांगणार तेवढ्यात दुसऱ्या मजल्यावरचे वेंगुर्ल्याचे काका मांडीवर थाप मारून हसले. "बग, झिला! झक्कास नाव आसा. कोणी ठेवल्यान?"

हा प्रश्न विचारला जावा अशी माझी रात्रीपासून इच्छा होती, कारण मी वाचून आलो होतो. बटाटेवड्याचा वास सुटलेला असताना मी सभेला इतिहास सांगितला. नेटस्केप नावाची कंपनी, तिचा ब्राउझर एके काळी जग वापरत असे. १९९८ च्या जानेवारीत तिने जाहीर केलं की ब्राउझरचा सोर्स कोड सगळ्यांना खुला करणार, आणि ३१ मार्चला तो केलाही. पण चुका नोंदवायची तिची व्यवस्था घरगुती होती, कंपनीतल्या माणसांपुरती. वाड्याचा दिंडी दरवाजा उघडला आणि गाऱ्हाण्यांची वही राहिली माजघरात, असा प्रकार. मग टेरी वाइसमन या गृहस्थाने सगळ्यांना वापरता येईल अशी नवी वही लिहिली. आधी टीसीएल नावाच्या भाषेत लिहिली. पण ती येणारे लोक थोडे, पर्ल येणारे पुष्कळ. जास्त हात लागावेत म्हणून लोकांपुढे ठेवण्याआधीच त्याने सगळं पर्लमध्ये पुन्हा लिहून काढलं. तीच बगझिलाची २.० आवृत्ती. नाव घराण्यातलंच. ब्राउझरचं टोपणनाव मोझिला, ते 'मोझॅक' हा जुना ब्राउझर आणि 'गॉडझिला' हा जपानी सिनेमातला राक्षस यांच्या संकरातून आलेलं. त्यात बग म्हणजे सॉफ्टवेअरमधली चूक मिसळली की बगझिला. पुढे ऑस्ट्रेलियातल्या ॲटलासियन कंपनीचे लोक, जे आधी बगझिलाच वापरत, ते त्याला गॉडझिलाच्या जपानी नावाने 'गोजिरा' म्हणू लागले. त्यांनी स्वतःचं सॉफ्टवेअर काढलं तेव्हा त्यातला 'गो' गाळून नाव ठेवलं जिरा.

"फोडणीचं?" बी-७ च्या काकूंनी विचारलं. "आणि बग म्हणजे ढेकूणच ना?"

"ढेकणांक कॉम्पुटर कित्याक होयो?" वेंगुर्ल्याचे काका म्हणाले. "घासलेट बरां."

मी घाईने पतंगाची गोष्ट सांगितली. ९ सप्टेंबर १९४७ रोजी हार्वर्डच्या मार्क टू या यंत्राच्या एका रिलेत खराच पतंग अडकलेला सापडला. तिथल्या लोकांनी तो चिकटपट्टीने नोंदवहीत चिकटवला आणि खाली लिहिलं की खराखुरा बग सापडल्याची ही पहिली घटना. ही थट्टा होती, कारण यंत्रातल्या बिघाडाला बग म्हणायची पद्धत त्याहून कितीतरी जुनी. एडिसनसुद्धा म्हणत असे. ती वही, पतंगासकट, आज अमेरिकेत स्मिथसोनियन संग्रहालयात आहे.

"म्हणजे त्यांच्याकडे वहीच होती," अध्यक्ष म्हणाले. "आणि ती टिकली." सभा वड्यांकडे वळली.

अर्धा दिवस म्हणजे शनिवारची सकाळ, असा माझा हिशोब. महिन्याच्या भाड्याने इंटरनेटवर एक सर्व्हर घेतला, स्वतःच्या क्रेडिट कार्डावर. फुकट सॉफ्टवेअरसाठी हा पहिला खर्च. घरात एक जुनी सीडी होती, तिच्यावरची आवृत्ती चढवली आणि 'चेकसेटअप' नावाची आज्ञा दिली. हे चेकसेटअप म्हणजे पूजेला आलेले गुरुजी. येऊन आधी यादी वाचतं: हे पर्लचं मॉड्यूल आहे, हे नाही, हे आहे पण जुनं आहे. नसलेलं आणायला जावं तर ते म्हणतं, माझ्यासाठी आधी हे दुसरं आणा. नारळ आणला की सुपारी, सुपारी आणली की विड्याची पानं, पानं आणली की देठाची हवी होती. सगळं जमलं तेव्हा संध्याकाळ झाली होती. मी पुन्हा आज्ञा दिली. त्याने 'लोकलकॉन्फिग' नावाची एक फाइल तयार केली, ती भरून मला पुन्हा चालवा असं सांगितलं, आणि थांबलं. सरकारी कचेरीत दिवसभर रांगेत उभं राहून खिडकीशी पोचावं आणि आतून फॉर्म मिळावा, तसं.

रविवारी रात्री पान उघडलं. मी बायकोला बोलावून तिच्यासमोर सोसायटीची पहिली तक्रार नोंदवली: "सी-१४, बेडरूमचे छत गळते." बटण दाबलं. तक्रार क्रमांक १ उमटली: "??-??, ??????? ?? ????."

"तुम्ही सांगताय की विचारताय?" बायको म्हणाली.

देवनागरी त्या जुन्या आवृत्तीच्या आणि माझ्या डेटाबेसच्या मध्ये कुठेतरी वाहून गेली होती. सुदैवाने त्याच वर्षी १० मे रोजी बगझिला ३.० निघालं होतं. त्यात युनिकोडची बाजू सुधारली होती, शिवाय निकालांची नावं आपल्याला हवी तशी ठेवता येत होती. म्हणून सगळं पुसून पुन्हा पूजा मांडली. चेकसेटअपने पुन्हा यादी वाचली. नवी आवृत्ती, नवी यादी. या काळात बायको रोज सकाळी चहा ठेवताना एवढंच विचारी, "झाला का अर्धा दिवस?" तो अकराव्या दिवशी झाला.

आता शेवटची पायरी. बगझिलात प्रत्येक वस्तूचे भाग पाडायचे असतात. मी पाच पाडले: पाणी, लिफ्ट, पार्किंग, गच्ची आणि संकीर्ण. प्रत्येक भागाला एक 'डिफॉल्ट असायनी' द्यावा लागतो. म्हणजे त्या भागातली तक्रार आली की आपोआप ज्याच्या नावावर चढेल तो माणूस. हा रकाना रिकामा सोडता येत नाही, आणि तिथे फक्त खातं असलेल्या माणसाचंच नाव घालता येतं. रात्रीचा दीड वाजला होता. समितीतल्या कुणाचं खातं नव्हतं. खातं असलेला सबंध सोसायटीत एकच माणूस होता.

मी पाचही रकान्यांत माझा ईमेल घातला. तात्पुरता.

वाचकहो, घराघरांतून तात्पुरत्या गोष्टींची एक मोजदाद करायला हवी. आमच्याकडे खिडकीच्या मोडक्या काचेवर लावलेला तात्पुरता पुठ्ठा मुलाच्या मुंजीत होता आणि त्याच्या लग्नातही होता.

पहिल्या आठवड्यात एकोणतीस तक्रारी आल्या. चांगली तक्रार कशी लिहावी याचा कागद मी नोटीस बोर्डावर लावला होता: काय केलं, काय अपेक्षित होतं, प्रत्यक्षात काय घडलं. जगभरचे टेस्टर हे असंच लिहितात. ए-३ च्या आजोबांनी शिस्तीत लिहिलं:

"काय केले: नळ सोडला. काय अपेक्षित होते: पाणी. काय घडले: हवा."

इतकी नेटकी तक्रार मी चौदा वर्षांच्या नोकरीत पाहिली नव्हती. ऑफिसात मी ती तरुण पोरांना नमुना म्हणून दाखवली. बी-७ च्या काकूंची मात्र 'काय केले' या प्रश्नावरच अडखळली. "मी काहीही केलेले नाही. वरच्यांच्या खलबत्त्याची चौकशी करावी." सर्वांत उत्तम तक्रारी सी-९ च्या असत. पायऱ्या, वेळा, सोबत फोटो. सी-९ वाले चार वर्षांपासून कॅलिफोर्नियात राहत होते आणि फ्लॅटला कुलूप होतं. फोटो त्यांचा एजंट काढून पाठवी. बंद घराच्या बाल्कनीतल्या कबुतरांवर नऊ स्वतंत्र तक्रारी होत्या, कारण नऊ स्वतंत्र कबुतरं होती.

तक्रारी यायला काही लागत नाही; त्या निकालात काढायच्या वेळी माणूस ओळखला जातो. बगझिलात निकालाचे ठरलेले शब्द असतात. एक 'फिक्स्ड', म्हणजे दुरुस्त झालं. तो मला कधी वापरावा लागला नाही. बाकीचे लागले.

'डुप्लिकेट' म्हणजे हीच तक्रार आधी कुणीतरी केली आहे. लिफ्टवर सहा तक्रारी होत्या. मी पहिली ठेवून पाच डुप्लिकेट केल्या. बगझिलाने कर्तव्यबुद्धीने पाचही जणांना मेल पाठवली. अर्ध्या तासात ए-११ चे साहेब दारात. "मी डुप्लिकेट? या बिल्डिंगची पहिली वीट बसली तेव्हापासूनचा ओरिजिनल मेंबर आहे मी!" मराठीत डुप्लिकेट म्हणजे तुळशीबागेतलं घड्याळ, हे भाषेचं साधं भान मला राहिलं नव्हतं.

'इनव्हॅलिड' म्हणजे ही चूकच नव्हे. मी भाषांतर केलं 'अवैध'. बी-२ चे काका महसूल खात्यातून निवृत्त झालेले. पार्किंगच्या पट्ट्यावरची त्यांची तक्रार अवैध ठरल्याचं वाचून त्यांनी मला रजिस्टर्ड पोस्टाने उत्तर पाठवलं. अंतर, एक जिना.

'वर्क्सफॉरमी' म्हणजे माझ्याकडे तर चालतंय बुवा. हा निकाल मात्र समितीला फार आवडला. अध्यक्ष तळमजल्यावर, टाकीच्या अगदी पायथ्याशी. पाण्याची कुठलीही तक्रार आली की ते स्वतःच्या मोरीतला नळ सोडून बघत आणि मला फोन करत: "वर्क्सफॉरमी लिहा."

बगझिलात पूर्वी 'लेटर' असाही एक निकाल होता, म्हणजे पुढे बघू. अनुभवाअंती त्या मंडळींनी तो नव्या आवृत्त्यांतून काढून टाकला, कारण पुढे कुणी बघत नसे. निकालांची नावं बदलायची सोय मिळाल्याबरोबर आमच्या समितीने पहिली मागणी केली ती त्याची. मराठी नावासह: 'पुढील सर्वसाधारण सभेत'. दोन महिन्यांत बासष्ट तक्रारी तिथे जाऊन बसल्या.

आणि उरलेल्या? त्या 'न्यू' होत्या, म्हणजे कुणी हात न लावलेल्या. बगझिलाच्या कर्त्यांनी याचाही विचार करून ठेवला आहे. सात दिवस न्यू पडून राहिलेल्या तक्रारींची यादी करून ज्याच्या नावावर त्या आहेत त्याला रोज मेल धाडणारा एक छोटा प्रोग्राम त्यात आहे. त्याच्या नावातच 'व्हाइन' आहे, म्हणजे कुरकुर. मोठ्या उत्साहात तो मी चालू केला होता आणि सर्व्हर मोकळा असतो म्हणून रात्री एकची वेळ दिली होती. तेव्हा डोक्यात समितीची माणसं होती. पण माणूस होता एकच, पाचही रकान्यांत तात्पुरता.

आमचा कॉम्प्युटर बेडरूममध्ये, मुलाच्या डाउनलोडांमुळे रात्रभर चालू. रात्री एक वाजता स्पीकरमधून 'टिंग' व्हायचं. आधी सहा तक्रारींची यादी, मग अकरा, मग त्याहून मोठी. आवाज बंद करता आला असता हे खरं. पण टिंग बंद केलं तरी एक वाजला की जाग यायचीच. मग मी अंधारात डोळे उघडे ठेवून पडायचो, आणि वर ऑस्ट्रेलिया दिसायचा.

याच सुमारास मी माझी सर्वांत मोठी दुरुस्ती केली. बगझिलात शोध घेतला आणि काहीच सापडलं नाही तर ते 'झीरो बग्ज फाउंड' म्हणत नाही. ते म्हणतं, 'झॅरो बूग्ज फाउंड'. माझ्यासारख्या, लग्नपत्रिकेतले ऱ्हस्व-दीर्घ लाल पेनने सुधारून यजमानांना परत पाठवणाऱ्या माणसाला हे कसं सहन व्हावं? जगभरच्या शेकडो हुशार माणसांच्या नजरेतून सुटलेली चूक मी पकडली या आनंदात टेम्प्लेटमध्ये जाऊन शुद्ध मराठी घातलं: 'एकही तक्रार नाही.' दुसऱ्या दिवशी ऑफिसात ही कर्तबगारी सांगितली तर माझ्या टीममधली सर्वांत धाकटी मुलगी नजर खाली घालून म्हणाली, "सर, ते मुद्दाम आहे."

तिने सांगितलेली हकिगत खुद्द वाइसमनने लिहून ठेवलेली आहे. नेटस्केप ४.० निघालं तेव्हा कंपनीत समारंभ झाला. ठाऊक असलेली प्रत्येक चूक त्याआधी दुरुस्त करायची धडपड झाली होती आणि अर्थातच ती पुरी पडली नव्हती. समारंभात वाटलेल्या टी-शर्टांवर लिहिलं होतं, 'झॅरो बूग्ज'. सॉफ्टवेअर बिनचूक असल्याचं जाहीर करणाऱ्या वाक्यातच चुका. तो विनोद त्याने बगझिलात ठेवला, कारण शोधाला काही सापडलं नाही म्हणजे काही नाहीच असं कुणी समजू नये.

ते किती खरं होतं हे मला सोसायटीच्या अहवालाने शिकवलं. अध्यक्षांनी शोधाच्या चौकटीत स्वतःचं नाव घातलं होतं. त्यांच्या नावावर तक्रारी कुठून असणार, सगळ्या माझ्या नावावर! तेव्हा पडद्यावर माझं शुद्ध मराठी आलं. त्यांनी त्याचा प्रिंट काढून सहामाही अहवालाला जोडला: "संगणकीय तपासणीनुसार सोसायटीत एकही तक्रार नाही." खाली अध्यक्षांची सही आणि माझे आभार.

त्या रात्री मी टेम्प्लेटमध्ये पुन्हा गेलो आणि हाताला कापरं भरत असताना टाइप केलं: 'शुन्न तकरारी सापडल्यात.' अशुद्ध लिहिताना इतकं पुण्य मला कधी लागलं नव्हतं.

आता राहिली माझी स्वतःची तक्रार, क्रमांक १. सहा महिने झाले, न्यू ती न्यूच. मी ठरवलं की हिचा छडा लावायचा. बगझिलात एक झकास सोय आहे: ही तक्रार कुठल्या तक्रारीवर अवलंबून आहे ते नोंदवता येतं, आणि मग मुळापासून फांद्यांपर्यंत सगळं झाड दिसतं. ऑफिसात अशा झाडांकडे बोट दाखवून मी लोकांच्या सुट्ट्या रद्द केल्या आहेत. एका रविवारी मी खजिनदारांना फाइल घेऊन घरी बोलावलं.

क्रमांक १, छत गळतं. कशामुळे अडलंय? क्रमांक ९१, गच्चीचं वॉटरप्रूफिंग झालेलं नाही. जोडलं. ९१ कशामुळे अडलं? क्रमांक ९२, कंत्राटदाराला आगाऊ द्यायला दुरुस्ती निधीत सात हजार कमी. जोडलं. ९२ कशामुळे? क्रमांक ९३, मेंटेनन्सची थकबाकी. जोडलं. मी रंगात आलो. "बघा," मी म्हटलं, "आता मूळ सापडणार. ९३ कशामुळे अडलंय? कोण थकलंय?"

खजिनदारांनी फाइल उघडली, चष्मा पुसला आणि माझ्याकडे न बघता एक पत्र पुढे सरकवलं. अक्षर ओळखीचं होतं. "जोपर्यंत माझ्या बेडरूमचे छत गळणे थांबत नाही, तोपर्यंत मी मेंटेनन्स भरणार नाही. हा तत्त्वाचा प्रश्न आहे." खाली सी-१४. पाच तिमाह्या, सात हजार पाचशे रुपये, व्याज वेगळं.

तेच ते उचललेलं पाऊल.

पण माझ्यातला मॅनेजर अजून जिवंत होता. मी शांतपणे म्हटलं, "म्हणजे ९३ ही क्रमांक १ वर अवलंबून आहे. जोडू या." आणि बटण दाबलं.

बगझिलाने नाही म्हटलं. लाल चौकट आली. तक्रारींचे नंबर ओळीने मांडून त्याने सांगितलं की इथे चक्र तयार होतंय. एखादी तक्रार फिरून स्वतःवरच अवलंबून ठेवता येत नाही. आमची सर्वसाधारण सभा, समिती, उपनिबंधकांकडे झालेला पत्रव्यवहार, यांपैकी कुणालाही दीड वर्षात जे दिसलं नव्हतं ते त्या फुकट सॉफ्टवेअरने एका सेकंदात पाहिलं आणि नोंदवून घ्यायला नकार दिला. तक्रार करणारा मी, ती निवारणारा कागदोपत्री मी, आणि ती अडवून बसलेलाही मीच.

स्वयंपाकघरातून बायको चेकबुक घेऊन आली. तिने ते कुठून काढलं, किती दिवस हाताशी ठेवलं होतं, हे मी विचारलं नाही.

गच्चीचं काम त्या उन्हाळ्यात झालं. खरं तर इथे यशस्वी माणसासारखं थांबायला हवं, पण बगझिलाचं पुढे काय झालं ते सांगितल्याशिवाय माझं काय चुकलं ते कळणार नाही. वाइसमनने एप्रिल २००० मध्ये बगझिला टारा हर्नांडेझ हिच्या हवाली केलं. म्हणजे जन्मल्यावर दोनेक वर्षांत. तिने येऊन नेहमी येणाऱ्या-जाणाऱ्या लोकांच्या गळ्यात हळूहळू जबाबदाऱ्या अडकवल्या. तिला नेटस्केपमधली इतर कामं जास्त झाली तेव्हा जुलै २००१ मध्ये तिने सूत्रं डेव्ह मिलरकडे दिली. तीनेक वर्षांत तीन हात. लिनक्सचा गाभा, ग्नोम, केडीई, रेड हॅट अशा कितीतरी मंडळींच्या चुकांचा हिशोब बगझिलाने वर्षानुवर्षं ठेवला. ग्नोमसारखे काही पुढे दुसरीकडे गेले. तरी बगझिलाची ५.२ आवृत्ती २०२४ साली निघाली.

आणि मी? मी दोन वर्षांत एकदाही पाचांतला एक रकाना बदलला नाही. विचारलं होतं तसं. सभेत म्हटलं, "पाणी विभाग कुणी घेणार का?" सभेने वड्यांकडे पाहिलं. पण मनातून मला बरंच वाटलं असणार. जिन्यात लोक थांबवत, "तुमच्या त्या कॉम्प्युटरवर टाकलंय हं," म्हणत, आणि मी "बघतो" म्हणत असे. जाता जाता लिफ्टकडेही बघत असे. सेक्रेटरींना वजन का कमी झालं विचारलं तर म्हणाले, आता जिन्यातून निवांत चालतो.

२००९ च्या जूनमध्ये क्रेडिट कार्डाची मुदत संपली आणि सर्व्हर बंद पडला. मी नवा नंबर घातला नाही. कुणाची तक्रार आली नाही, येणार कुठे? केबिनमधल्या खिळ्याला नवी वही लागली, आणि या वेळी खजिनदारांनी पेनाला सुतळीऐवजी साखळी लावली. ती व्यवस्था आजही चालू आहे.

त्याच महिन्यात पहिला पाऊस झाला. सकाळी छताकडे पाहिलं तर जुन्या ऑस्ट्रेलियाच्या दोन फूट उजवीकडे न्यूझीलंड उगवलेलं. मी तडक दुसऱ्या मजल्यावर गेलो, कारण त्या वर्षी सेक्रेटरी झाले होते वेंगुर्ल्याचे काका. काका वर आले. खुर्चीवर चढून त्यांनी डागाला बोट लावलं, बोटाचा वास घेतला, मग खाली उतरून कोपऱ्यातल्या माझ्या कॉम्प्युटरकडे आणि माझ्याकडे आळीपाळीने पाहिलं.

"अरे झिला," ते म्हणाले, "तुझो बग तूच बग."